साउथ कैबॅब ट्रेल, ग्रँड कॅन्यन (सेडर रिजपर्यंत): ५ पैकी ४ स्टार, बेळगावकरांसाठी जरा डिटेलमधे

आधी हा रिव्ह्यू कुणासाठी ते सांगतो. वॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमधे आता निम्म्या लोकांची पोरं बाहेर आहेत, कुणाचा पोरगा फिनिक्सला, कुणाची पोरगी डॅलसला, आणि तिकडं गेलं की पोरं आईबापाला एकदा तरी ग्रँड कॅन्यनला नेतातच. कठड्याला टेकून फोटो होतात, व्हिडिओ कॉल लावून शहापूरच्या आत्याला दाखवून होतं, आणि मग कुणाला तरी वाटतं की एवढं लांब आलोय तर थोडं खाली उतरून यायला काय होतंय. ते जे 'थोडं खाली' आहे त्याचा हा रिव्ह्यू. पोराकडं राहायला गेलो होतो तेव्हा ऑक्टोबरमधे मी, पोरगा आणि सून असे तिघं साउथ कैबॅब ह्या पायवाटेनं सेडर रिज नावाच्या थांब्यापर्यंत उतरून परत चढून आलो. आमची मंडळी गुडघ्यामुळं वरच थांबली, त्यांचं शेवटी लिहितो, कारण ग्रुपमधे तसलीच माणसं जास्ती आहेत.

तर हा उलटा गड आहे, एवढं डोक्यात पक्कं बसवून घ्या. राजहंसगड घ्या, पारगड घ्या, महिपाळगड घ्या, आपण ताज्या पायानं चढतो, वर देवळात टेकून डबा खातो आणि दमल्यावर जे उरतं ते उताराचं असतं, आणि नाहीच झालं तर अर्ध्यातनं फिरलं की खाली गाव आहेच. इथं सकाळच्या गारव्यात आधी उतार लागतो, पाय आपोआप पडत जातात, अर्ध्या तासात वाटायला लागतं की अरे हे तर काहीच नाही, आणि खरा चढ सुरू होतो तो ऊन डोक्यावर आल्यावर, बाटल्या अर्ध्या झाल्यावर आणि मांड्या थरथरायला लागल्यावर. मधेच सोडून द्यायची सोय नाही, गाव नाही की टमटम नाही, जेवढं उतरलाय तेवढं चढलंच पाहिजे. त्यामुळं सगळं प्लॅनिंग चढाकडनं करायचं. कुठपर्यंत जायचं हे नंतर, आधी किती वाजता परत फिरायचं ते ठरवायचं आणि ती वेळ झाली की समोर कितीही भारी पॉइंट दिसत असला तरी फिरायचं.

आता कुठलं ग्रँड कॅन्यन ते बघा, कारण इथंच बरेच लोक फसतात. हे सगळं मिळून ४४६ किलोमीटर लांब आहे, म्हणजे बेळगावहून मुंबईला थोडंच कमी, आणि त्याला दारं वेगवेगळी आहेत. लास वेगासवरनं एका दिवसात नेऊन आणतात ते बऱ्याचदा ग्रँड कॅन्यन वेस्ट असतं, काचेचा स्कायवॉक आहे तिथं, २००७ ला चालू झालेला. ती हुआलापाई आदिवासींची जमीन आहे, नॅशनल पार्कचा भाग नाही, तिकीट पण वेगळं, आणि तिथनं साउथ रिमला, म्हणजे ही वाट जिथनं उतरते त्या दक्षिण काठाला, गाडीनं चार तासांच्या वर लागतात. ही वाट तिथं नाही. एका टूरवाल्यानं (नाव घेत नाही) आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला 'ग्रँड कॅन्यन इन्क्लुडेड' म्हणून पैसे घेतले आणि ते लोक काचेवर उभं राहून परत आले, त्यांना वाटतंय आपण तेच बघितलं. नॉर्थ रिम म्हणजे समोरचा काठ, तो अजून उंच, हिवाळ्यात बंद असतो, आणि २०२५ च्या जुलैमधे लागलेल्या आगीत तिथलं जुनं लॉज जळून गेलं. म्हणून आपल्यासाठी साउथ रिम. बाराही महिने उघडं, फिनिक्सहून साडेतीन-चार तास, मधे फ्लॅगस्टाफ लागतं.

एक आकडा मला लई आवडला तो सांगतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण २५०० फुटांवर आहे. कॅन्यनच्या तळाला कोलोरॅडो नदी आहे ती पण साधारण २४०० फुटांवर. म्हणजे त्या एवढ्या खोल दरीचा तळ आणि आपलं किर्लोस्कर रोड जवळपास एकाच उंचीला! आणि आपण उभे असतो तो ट्रेलहेड, म्हणजे वाटेची सुरुवात, ७२०० फुटांच्या वर. कळसूबाई साधारण ५४०० फूट आहे. बसमधनं उतरलो की महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा आपण १८०० फूट वर उभे असतो आणि तिथनं खाली जाऊन परत त्याच उंचीला धापा टाकत यायचं असतं. हवा पातळ आहे हे सपाटीवर चालताना कळत नाही, चढावर दहा पावलात कळतं. म्हणून पोचल्या दिवशी उतरू नका, एक रात्र वर झोपा, संध्याकाळी काठावरनं सपाट चाला, दुसऱ्या दिवशी सकाळी जावा.

आमच्यात भांडण झालं ते नदीवरनं. पोरगा म्हणाला, "पप्पा, जाऊन येऊन १४ मैल तर आहे, नदीला पाय लावून येऊया." मी म्हटलं पाय तू लाव, मी पोलीस पाटलासारखा वर बसून पंचनामा लिहितो. हसण्यावारी गेलं खरं मुद्दा साधा आहे, पार्कवाले स्वतःच सगळीकडं बोर्ड लावून सांगतात की एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, मे ते सप्टेंबर तर अजिबात नको. साउथ कैबॅबनं नदीपर्यंत ४७०० फुटांच्या वर उतार आहे. उन्हाळ्यात वर काठावर बरं असतं आणि खाली सावलीत १०० फॅरनहाइटच्या पुढं, म्हणजे आपल्या भाषेत ३८ च्या वर, कधी कधी ४५ च्या पण पुढं. दरवर्षी २५० च्या वर लोकांना कॅन्यनमधनं सोडवून आणावं लागतं, आणि त्यात म्हातारीकोतारीच असतात असं समजू नका, धडधाकट तरणी पोरं पण असतात, कारण तीच जोरात खाली पळतात. व्हिजिटर सेंटरमधे रेंजर म्हणजे पार्कची माणसं असतात त्यांना जाऊन विचारा, हा भाग मला सगळ्यात जास्ती आवडला. आपल्याकडं चौकशीच्या खिडकीवर माणूस मान वर करत नाही, इथं वय विचारलं, गोळ्या चालू आहेत काय विचारलं, पाणी किती नेणार विचारलं आणि शेवटी सांगितलं की सेडर रिज बरोबर आहे, तिथनं पुढं जायचा मोह झाला तर घड्याळ बघा. पोराला माझं पटलं नव्हतं, रेंजरचं पटलं. चालतंय.

अंतराचा हिशोब असा. वरनं पहिला थांबा ऊह-आह पॉइंट, एका बाजूनं ०.९ मैल म्हणजे दीड किलोमीटरच्या आत. दुसरा सेडर रिज, दीड मैल म्हणजे २.४ किलोमीटर, साधारण ११०० फूट उतार. तिसरा स्केलेटन पॉइंट, ३ मैल आणि साधारण २००० फूट, तिथनं नदी दिसते. सेडर रिज जाऊन येऊन पार्कचा अंदाज २ ते ४ तासांचा आहे, आपल्या वयाला ४ धरा. ५ किलोमीटरपण नाही भरत म्हणून हसू नका. उतरायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट चढायला, हा तिथला नियम आहे आणि तो अगदी बरोबर निघतो.

साउथ रिमवरनंच खाली जाणारी दुसरी वाट, ब्राइट एंजेल ट्रेल, का नाही घेतली हे लोक विचारणार. ती पण चांगली आहे, किंबहुना उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तीच घ्यावी, कारण तिथं दीड मैलावर आणि तीन मैलावर विश्रांतीची छपरं आहेत, साधारण मे ते सप्टेंबर नळाला पाणी असतं, सकाळी वाटेवर सावली असते. नळाचा पूर्ण भरोसा मात्र धरायचा नाही, १९६० च्या दशकातली पाइपलाइन आहे, सारखी फुटते, २०२४ च्या ऑगस्टमधे तर एवढी फुटली की वरच्या हॉटेलातली मुक्कामाची बुकिंगं थांबवावी लागली. साउथ कैबॅबला पाणी नाही म्हणजे नाहीच. खरं ही वाट डोंगराच्या सोंडेवरनं जाते, दरीच्या पोटातनं नाही, त्यामुळं पहिली थोडी वळणं संपली की दोन्हीकडं सगळं उघडं. ब्राइट एंजेलवर तेवढ्याच चालीत तेवढं दिसत नाही. आणि हिच्या मागं एक गोष्ट आहे ती आपल्या लोकांना आवडेल: ब्राइट एंजेलवर राल्फ कॅमेरॉन नावाचा एक राजकारणी टोल वसूल करायचा, माणशी एक डॉलर, सरकारला तो जुमानत नव्हता, म्हणून पार्कवाल्यांनी १९२४-२५ मधे सरळ आपली दुसरी वाटच खोदली, तीच ही. टोलनाक्याला बायपास काढायची आयडिया शंभर वर्षं जुनी आहे बघा.

बस. बसला पाचपैकी पाच. ट्रेलहेडला खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची शटलच घ्यावी लागते आणि ती फुकट आहे, पार्कच्या तिकिटातच आलं. ऑरेंज लाइन व्हिजिटर सेंटरवरनं जाते. पहाटे हायकर्स एक्स्प्रेस म्हणून वेगळी बस असते ती ब्राइट एंजेल लॉजवरनं निघून व्हिजिटर सेंटर घेत थेट ट्रेलहेडला सोडते, तिच्या वेळा महिन्याप्रमाणं बदलतात, आदल्या दिवशी बघून ठेवा. आम्ही तीच घेतली. ड्रायव्हर बाई होत्या, सगळ्यांना उतरायच्या आधी एकदा मोठ्यानं विचारलं, पाणी आहे काय, टोपी आहे काय, खायला आहे काय. शाळेच्या ट्रिपला आल्यासारखं वाटलं खरं बरं वाटलं.

आता वाट. सुरुवातीलाच काठाच्या कड्यात खणलेली लहान लहान वळणं लागतात, एकापाठोपाठ एक, सकाळी तिथं सावली आणि गारठा, ऑक्टोबरला पहाटे २-३ डिग्री असतं. बेळगावची डिसेंबरची थंडी धरून जाऊ नका, कानटोपी, हातमोजे लागतात, आणि तासाभरात ते सगळं काढून बॅगेत कोंबावं लागतं म्हणून बॅगेत जागा ठेवा. वळणं संपल्यावर कड्याच्या कडेकडेनं वाट तिरकी उतरते आणि ऊह-आह पॉइंटला एकदम सगळं उघडतं. तिथं निम्मी गर्दी फोटो काढून परत फिरते, आणि ज्यांना गुडघ्याची शंका आहे त्यांनी खरंच तिथनंच फिरावं, काही कमी होत नाही. पुढं उतार आणखी तिरपा, आणि वाटेत आडवी लाकडं टाकून पायऱ्या केल्यात त्यातल्या दोन पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. मधली माती धुपून गेलीय, प्रत्येक पायरीला गुडघ्याला धक्का. धूळ लाल, आपल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या मातीसारखी लाल, मोजे कायमचे गेले.

दगडांबद्दल थोडं, मला ह्यातलं बरं वाटतं म्हणून. आपला सह्याद्रीचा काळा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांचा. इथला सगळ्यात वरचा फिकट चुनखडीचा थर, कैबॅब, तोच साधारण २७ कोटी वर्षांचा, आणि तो समुद्राच्या तळाला बसलेला आहे, ७००० फुटांवर उभं राहून शिंपल्याचे ठसे बघायचे. त्याच्याखाली कोकोनिनो म्हणजे वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या दगड झालेल्या, पांढरट, कडा उभा. त्याखाली लाल मऊ हर्मिट, सेडर रिज तिथंच आहे आणि म्हणूनच ती जागा सपाट आणि लालभडक. तळाला नदीशेजारी काळपट दगड दिसतो तो १७० कोटी वर्षांच्या आसपासचा. गोकाकचा कातळ बघून वाढलेल्या माणसाला जुन्या दगडाचं कौतुक कमी असतं, तो पण लई जुनाच, खरं इथं एकावर एक सगळे थर उघडे करून ठेवलेत हे वेगळं.

खेचरं येतात. तळाला फँटम रँच म्हणून मुक्कामाची जागा आहे, तिथलं सामान अजून खेचरांवरनं जातं-येतं, तिथनं टाकलेलं पोस्टकार्ड पण खेचरावरनं वर येतं आणि त्यावर तसा शिक्का असतो. तांडा आला की डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, गप्प उभं राहायचं, मोबाइल खिशात, आणि शेवटचं खेचर चांगलं पुढं गेल्याशिवाय हलायचं नाही. त्यांच्यामागं वाटेवर मुताची डबकी असतात, वास येतो, त्याला इलाज नाही. खारींना खायला घालू नका. लई गोड दिसतात, माणसांना सवयीनं चिकटतात, आणि चावतात.

सेडर रिजला संडास आहे, पाणी नाही, सावली म्हणावी अशी नाही, दोन-चार वेडीवाकडी झुडपं. तिथं आम्ही बसून खाल्लं आणि ठरल्या वेळेला उठलो. पोरगा स्केलेटनकडं बघत होता, सुनेनं घड्याळ दाखवलं.

चढाला माझा एकच सल्ला, बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा. वाक्य पुरं करता येत नसेल तर वेग जास्ती झाला. आणि थांबायचं ते दमल्यावर नाही, दर वीस-पंचवीस मिनिटांनी ठरवून थांबायचं, पाय थोडे वर करून बसायचं, घोटभर पाणी, चिमटीभर खारं. आमच्या पुढं जोरात गेलेली दोन पोरं प्रत्येक वळणावर बसलेली सापडत होती, आम्ही त्यांच्या आधी वर पोचलो.

पाणी आणि खाणं, ह्यावर जरा जास्ती लिहितो. वाळवंटी हवेत घाम आलेला कळतच नाही, अंगावर थांबतच नाही, सुकून जातो, फक्त टोपीच्या कडेला पांढरं मीठ दिसतं. आपल्याला सवय पावसाळी दमट हवेची, शर्ट ओला झाला की कळतं पाणी प्यायला पाहिजे. इथं शर्ट कोरडा आणि आतनं माणूस वाळलेला. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर धरायचं, ऑक्टोबरला माणशी तीन लिटर नेलं आणि ते बरोबर होतं. बाटल्या रूमवरनंच भरून न्या, पार्कात प्लास्टिकच्या छोट्या पाण्याच्या बाटल्या विकायच्या २०१२ ला बंद केल्या होत्या, भरायचे नळ आहेत. आणि नुसतं पाणी पीत सुटायचं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाजतात. इकडनं जाताना ओआरएसची पाकिटं न्या. बीपीवाल्यांनी, विशेषतः लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मीठ किती पाणी किती हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, माझं ऐकून नको.

खायला आम्ही कडक भाकरी नेली होती, बेळगावची, ज्वारीची, पापडासारखी. ह्यापेक्षा चांगलं हायकिंगचं खाणं मला अजून सापडलेलं नाही, पंधरा दिवस काही होत नाही, वजन नाही, उन्हात खराब होत नाही, वर शेंगा चटणी लावली की मीठ, तेल, तिखट सगळं आलं. एक गोऱ्या आजोबांनी विचारलं हे काय, त्यांना अर्धी दिली, त्यांनी चटणी बघून घेतली आणि मग निम्मं पाणी संपवलं बिचाऱ्यांनी. खारे शेंगदाणे, चिवडा चालतंय. कुंदा घरी पोरांसाठी ठीक, वाटेवर गोड नको, तोंड आणखी कोरडं पडतं. खाण्याचं काहीही नेलं तर विमानतळावर कस्टमला सांगा, लपवू नका.

सामानातलं बरंवाईट. नळीनं पाणी प्यायची पिशवी ऑनलाइन मागवली होती, एका कंपनीची, नाव लिहीत नाही, घरीच भरून राजहंसगडावर नेऊन बघितली तर नळीच्या जोडातनं पाठ भिजली आणि पाण्याला नवीन बादलीचा वास. परत पाठवली तर पैसे मिळायला महिना. त्यापेक्षा साध्या बाटल्या बऱ्या, किती उरलंय ते डोळ्याला दिसतं, पिशवीत कळतच नाही. काठ्या मात्र दोन घ्याच, दुमडणाऱ्या, स्वस्तातल्या पण चालतील, उताराला गुडघ्याचं निम्मं काम त्या करतात. विमानात चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, उतारावर बोटं पुढं जाऊन आपटतात, नखं आदल्या दिवशी कापा, आणि नवे कोरे बूट तिथं पहिल्यांदा घालू नका.

सराव कसा करायचा, ह्यासाठी बेळगाव चांगलं आहे खरं लोक चुकीचा सराव करतात. राजहंसगडावर आता वरपर्यंत गाडी जाते, निदान येळ्ळूरातनं पायी तरी जावा. वैजनाथ, महिपाळगड चांगले आहेत. खरं हे सगळे आधी चढायचे. आपल्याला पाहिजे आधी उतरायचं आणि मग चढायचं, म्हणजे सकाळी घाटमाथ्यावरनं कोकणाच्या बाजूला उतरणारी एखादी जुनी घाटवाट, चंदगडकडनं रामघाटासारखी, गावातला वाटाड्या घेऊन अर्ध्यापर्यंत उतरायचं आणि परत चढून यायचं. जंगल आहे, एकट्यानं नको, पावसाळ्यात तर नकोच. मार्चमधे गोकाककडं दुपारचं चालून बघा, कोरडं ऊन काय असतं ते थोडं कळेल. ज्यांना हे जमत नाही त्यांनी अपार्टमेंटचा जिना, पाठीवर चार लिटर पाणी घेऊन. चार-सहा आठवडे केलं की पुरे.

महिना निवडताना मार्च शेवट ते मे सुरुवात नाहीतर ऑक्टोबर. जून-जुलैला पोरांच्या सुट्टीनं जायचं असेल तर काठावरच फिरा नाहीतर पहाटे उतरून १० च्या आत वर या, १० ते ४ मधे उन्हात चढायचं नाही. डिसेंबरनंतर वरच्या वळणांवर बर्फ घट्ट होतो, बुटाला काटे लावावे लागतात, ते आपलं काम नाही. राहायचं पार्कातच जमलं तर बघा, बुकिंग १३ महिने आधी उघडतं आणि पटकन संपतं, नाहीतर दाराबाहेर टुसायान गाव आहे, महाग आहे, जेवण यथातथा, आम्ही रूमवर दहीभात. तिकीट गाडीला ३५ डॉलर, ७ दिवस चालतं. खरं २०२६ पासनं अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या माणसाला ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत आणि ग्रँड कॅन्यन त्यात आहे. आईबाप विझिटर व्हिसावर असतील तर २५० डॉलरचा वर्षाचा पास पण बघा आणि हिशोब घरातनंच करून जावा. ॲरिझोनात घड्याळ पुढंमागं करत नाहीत, शेजारच्या नावाहो लोकांच्या भागात करतात, तिकडनं येणार असाल तर बसची वेळ चुकते. खाली उतरून त्याच दिवशी वर यायला परमिट लागत नाही, खाली मुक्कामालाच लागतं. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्समधे हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्स आहे काय बघून घ्या.

एक स्टार का कापला. पाणी नाही म्हणून नाही, ते वाळवंट आहे, आणि वाटेचा पण दोष नाही. पन्नाशीच्या पुढच्या गुडघ्याला त्या पायऱ्या पाच स्टारच्या नाहीत एवढंच, दुसऱ्या दिवशी मला कमोडवर बसताना दोन्ही हात टेकावे लागले. चाळिशीच्या आतल्यांनी पाच समजावेत.

आता आमच्या मंडळींचं. त्या रिम ट्रेलनं चालल्या, काठाकाठानं सपाट वाट आहे, बराचसा भाग डांबरी, थकलं की बसस्टॉप. त्यातला यावापाई म्युझियमपासनं व्हिलेजकडं जाणारा तुकडा घ्या, तिथं जमिनीत पितळी खुणा बसवल्यात, एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं, आणि त्या त्या वयाचा खालचा खरा दगड आणून कडेला ठेवलाय, हात लावायला परवानगी आहे. खाली न उतरता सगळे थर बघून झाले त्यांचे, आणि गुडघे शाबूत, हे मला नंतर बऱ्याचदा ऐकवलंय. फोनला रेंजचा भरोसा नाही, तेव्हा भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून निघा. यावापाई म्युझियम त्याला चांगलं, आत मोठ्या काचांपाशी उन्हावाऱ्यातनं सुटका, संडास जवळ, आणि ऑरेंज बस तिथं थांबते.